ग्योकुरो बेचव लागतोय? आधी पार्सलचा प्रवास बघा

तुम्ही लिहिलंय, जपानमधल्या उजीहून मागवलेला ग्योकुरो, म्हणजे सावलीत वाढवलेला हिरवा चहा, 60 अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवूनही वाळलेल्या गवतासारखा लागतो. त्यावर सगळे सांगतायत, पाणी अजून थंड करा. पण पार्सल एप्रिलमध्ये तीन आठवडे अडकून पडलं होतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंय. माझ्या मते गोम तिथेच आहे. मीही यातून गेलेय.

जपानमधल्याच यामेहून मागवलेलं माझं ग्योकुरोचं पाकीट ऐन मे महिन्यात एका कार्यालयात अडकलं. आधी ओळखपत्र मागितलं, मग बिल, मग तेच बिल पुन्हा. दर फोनला नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कथा. शेवटी एकाने ऐकवलं, "मॅडम, चहाच आहे ना, चहा कुठे खराब होतो?" पाकीट हातात आलं तेव्हा अक्षरशः कोमट लागत होतं. पानांची चकाकी गेलेली, हिरव्यात पिवळट झाक, आणि ताज्या पानांना नोरीसारखा (वाळवलेल्या समुद्री शेवाळासारखा) जो वास असतो तो नावालाही नाही. पैशांपेक्षा जास्त वाईट कशाचं वाटलं सांगू? यामेचा पारंपरिक ग्योकुरो करणारे शेतकरी मळ्यावर पेंढ्याचं छप्पर घालतात आणि पानं हाताने खुडतात. खुडणीआधी साधारण वीस दिवस ऊन अडवल्यामुळे पानातलं थिॲनिन, म्हणजे गोडसर चव देणारं द्रव्य, टिकून राहतं, उन्हात त्याचं तुरट कॅटेचिन होत जातं. एवढ्या कष्टाने राखलेली चव एखाद्या गरम गोदामात मरते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही!

तुमच्या पाकिटाचं नक्की काय झालंय ते असं तपासा: पाच ग्रॅम पानं, 40 अंशांचं जेमतेम 50 मिली पाणी, अडीच मिनिटं. इतक्या कोमट पाण्यात कडूपणा फार उतरत नाही, पण पानात जीव असेल तर दाट, सूपसारखी गोडसर चव यायलाच हवी. ती नाही आली तर तपमानाशी खेळण्यात अर्थ नाही. फक्त एकदा पाणी बदलून बघा. बोअरचं जड पाणी ही चव दाबून टाकतं; आरओचं त्यामानाने बरं.

पुढच्या वेळी नोव्हेंबर ते जानेवारीत मागवा, हा माझा ठाम सल्ला. मे महिन्यात नव्या सेंचासाठी (जपानचा रोजचा हिरवा चहा) झुंबड उडते, ते ठीक आहे. ग्योकुरोला ती घाई नसते. जपानमध्येही तो परंपरेने काही महिने मुरवून शरदात बाहेर काढतात. म्हणजे थांबून तुमचं नुकसान काहीच नाही. पाकिटं लहान घ्या, विक्रेत्याकडून सविस्तर बिल आधीच मागून ठेवा. (आयातीचे नियम बदलत असतात, त्यात मी तज्ज्ञ नाही, मागवण्याआधी खात्री करा.) फ्रिजमध्ये ठेवलंत तर बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तपमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं.

आणखी एक, चांगलं पाकीट मिळालं तर तीन-चार वेळा चहा काढून झाल्यावर उरलेली मऊ पानं सोया सॉस आणि लिंबाचे दोन थेंब घालून खा. जपानमध्ये खातात, आणि मला तर गरम भाताबरोबर फार आवडतात. मात्र ग्योकुरोत कॅफिन भरपूर असतं, रात्री नको.

सध्याचं पाकीट फेकू मात्र नका. कोरड्या, मसाल्याचा वास नसलेल्या तव्यावर मंद आचेवर पानं हलवत राहा, तपकिरी होऊन खमंग वास सुटला की उतरवा. घरचा होजिचा, म्हणजे भाजलेला हिरवा चहा, तयार. त्यावर खुशाल उकळतं पाणी ओता.