नवऱ्याने आय-१३० भरलाय, मधल्या काळात प्रवास करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा अमेरिकन नागरिक, लग्न याच वर्षी झालं, त्याने तुमच्यासाठी आय-१३० (जोडीदाराला अमेरिकेत कायमचं आणण्यासाठीचा पहिला अर्ज) भरलाय आणि तुम्ही कोल्हापुरात आहात. पासपोर्टवर आधीच काढलेला, दहा वर्षं मुदतीचा बी-१/बी-२ (पर्यटक) व्हिसा आहे. त्यावर जाऊन तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज करावा की मुंबईच्या मुलाखतीची वाट बघावी? आणि मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाला हजर राहता येईल ना?

बहिणीचं लग्न चुकवायचं नसेल तर मुंबईचा रस्ता सोडू नका.

आय-१३० मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद तपासणाऱ्या अमेरिकी कार्यालयाकडे जाते. व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर, आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर, डीएस-२६० फॉर्म (स्थलांतराच्या व्हिसाचा अर्ज), पोलीस क्लिअरन्स, जन्माचा आणि लग्नाचा दाखला. हे सगळं पास झालं की मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. तोवर पासपोर्ट तुमच्याच हातात असतो. नवऱ्याला दुबईत भेटा, थायलंड फिरून या, अर्जाला धक्का लागत नाही. मुलाखतीनंतर मात्र व्हिसा लागून येईपर्यंत पासपोर्ट वाणिज्य दूतावासाकडे राहतो, त्या दिवसांतली तिकिटं काढू नका. नवराच येऊन सहा-आठ महिने कोल्हापुरात राहणार असेल तर जरा जपून. आय-८६४ हमीपत्र देणाऱ्याचं कायमचं बिऱ्हाड अमेरिकेत असावं लागतं आणि त्यावरून मुलाखतीत फाईल थांबू शकते. घरभाड्याचा करार, टॅक्स रिटर्न, नोकरी चालू असल्याचं पत्र तयार ठेवा.

व्हिसाची मुदत साधारण सहा महिने असते आणि ती मेडिकलच्या, म्हणजे व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेली असते. मेडिकल फार आधी उरकलंत तर तेवढे दिवस हातचे जातात. व्हिसा मे महिन्याच्या थोडा आधी मिळाला तर लग्न उरकूनच निघा. बराच आधी मिळाला तर जाऊन या: पहिल्या प्रवेशाला त्या व्हिसावर शिक्का बसला की तोच वर्षभर ग्रीन कार्डचं काम करतो, प्लास्टिकचं कार्ड हाती आलं नसलं तरी भारतात येऊन परत जाता येतं. कार्डासाठीची २३५ डॉलर फी मात्र भरून टाका, त्याशिवाय कार्ड निघत नाही. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत प्रवेश केलात तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (कार्डावरच्या अटी काढायचा अर्ज) भरायचा.

आता बी-२. आय-१३० भरल्याने तो आपोआप रद्द होत नाही, नुसतं भेटून यायला वापरता येतो. पण विमानतळावर अधिकारी खोदून विचारू शकतो. परतीचं तिकीट आणि ऑफिसचं रजेचं पत्र जवळ ठेवा आणि नवऱ्याबद्दल, आय-१३० बद्दल खरं तेच सांगा. राहायलाच चाललात असा त्याचा ग्रह झाला तर तिथूनच परत पाठवतील, आणि ते एक्स्पिडायटेड रिमूव्हलखाली (कोर्टात न नेता तडकाफडकी हद्दपारी) झालं तर पाच वर्षांची बंदी. कधी नवा व्हिसा काढलात तर डीएस-१६० मध्ये (पर्यटक व्हिसाच्या फॉर्ममध्ये) ‘तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केलाय का’ असं थेट विचारलेलं असतं. तिथे ‘नाही’ लिहा म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करा. खोट्या माहितीचा ठपका जन्मभर पुरतो आणि ग्रीन कार्डही त्यातच अडकतं. तिथेच राहून अर्ज करायचा बेत मनात ठेवून पर्यटक म्हणून शिरणं हेही त्याच ठपक्यात येऊ शकतं. ‘९० दिवस थांबून अर्ज केला की चालतं’ हे ऐकीव ज्ञान आहे, हेतूबद्दल त्यानंतरही विचारता येतं.

समजा काही कारणाने अर्ज तिथेच झाला. मग आय-४८५ चे (अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) १४४० डॉलर, त्याशिवाय बाहेर जाण्याची आगाऊ परवानगी, म्हणजे अॅडव्हान्स पॅरोल, मागायचा आय-१३१, त्याचे ६३० डॉलर. एप्रिल २०२४ पासून ही फी आय-४८५ मध्ये धरलेली नसते. पॅरोल मंजूर होण्याआधी देश सोडलात तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. पैसे बुडाले, आय-१३० तेवढा शाबूत. एच-१बी, एल-१ (नोकरीचे व्हिसा) आणि एच-४, एल-२ (त्यांच्या कुटुंबाचे) वाल्यांना वैध व्हिसावर परतता येतं. ‘माझी मैत्रीण तर पॅरोलशिवाय जाऊन आली’ असं जे कानावर येतं, ती मैत्रीण बहुधा एच-४ वर असते. ती सवलत बी-२ ला किंवा एफ-१ ला (विद्यार्थी व्हिसा) नाही.

पॅरोल यायला महिनोन्‌महिने जातात. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर तातडीने मागता येतो: यूएससीआयएसला (अमेरिकेचं स्थलांतर खातं) फोन करून स्थानिक कार्यालयाची वेळ घ्यायची, आय-१३१, फी आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन जायचं. पण त्या वेळी तुम्ही अमेरिकेतच असायला हव्यात, कोल्हापुरातून हे होत नाही. आणि बहिणीचं लग्न तातडीत बसेल या भरवशावर राहू नका.

पॅरोल हा कागद आहे, व्हिसा नव्हे. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर पासपोर्टमध्ये व्हिसा शोधत बसतात, म्हणून मूळ कागद वरच ठेवा, फोटोकॉपी चालत नाही. लंडनमार्गे तिकीट काढू नका: अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना तिथे ट्रान्झिट व्हिसाची जी माफी आहे, तिच्या यादीत पॅरोल नाही. थेट विमान किंवा एकाच तिकिटावर दुबई-दोहा बरं. अमेरिकेत उतरल्यावर वेगळ्या खोलीत बसवतात, पुढचं विमान असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा.

शेवटचं, नावाचं. सासरी नाव बदललं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर या प्रक्रियेच्या मध्यातच पासपोर्ट बदलायला जाऊ नका. आय-१३० मध्ये इतर नावांचा रकाना असतो, त्यात दोन्ही नावं यायला हवीत. फॉर्म, तिकीट, पोलीस क्लिअरन्स सगळं पासपोर्टप्रमाणे. जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र जोडा. दाखल्यावर तुमचं नावच नसेल तर ते आधी घालून घ्या, त्याला लागणारा वेळ मुलाखतीच्या तारखेआधी हाताशी असू द्या.