कोकणातल्या डिग्री कॉलेजात वैद्यकीय संशोधन होऊ शकतं का? मोठ्या संस्थेशी करार करून फायदा होतो का?

होतं. करारामुळेच होतं असं मात्र नाही. मी तळकोकणात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्यातून होणारा ताप) पेशंट सुरू होतात. शहरातल्या एका नामवंत संस्थेने आमच्याशी सामंजस्य करार केला. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. ठरलं असं की रक्त आरोग्य केंद्रात काढायचं, आमच्या टीवायच्या मुलांनी सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग) वेगळं करून गोठवायचं आणि त्यांची गाडी येऊन नेणार. गाडी यायची तेव्हा यायची. जुलैत इथे तारेवर झाड पडलं की लाइट दुसऱ्या दिवशी येते. फोन केला तर सल्ला, "ड्राय आइस वापरा ना." अहो, साधा बर्फ मिळेना! ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून जेटीवरचा बर्फाचा कारखानाही बंद. शेवटी एका विद्यार्थिनीच्या काकांचं आइस्क्रीमचं दुकान कामी आलं. पावसात आइस्क्रीम खातंय कोण? एक डीप फ्रीजर रिकामा पडलेला, वर जनरेटर. ती पोरगी भर पावसात थर्माकोलच्या पेटीतून नळ्या घेऊन गेली, फ्रीजरला कुलूप घातलं आणि रात्रभर तापमान वहीत लिहीत बसली. (तो फ्रीजर नंतर कॉलेजने विकत घेतला, त्यात पुन्हा आइस्क्रीम गेलेलं नाही.) पेपर छापून आला, तर तिचं नाव कुठेच नाही. आभारात फक्त "स्थानिक महाविद्यालय".

मी भांडायला उठले तर आमचेच विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, आपलं काम शिकवणं. संशोधन मुंबई-पुण्याने करावं." मग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय केलं? बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे पेशंट बघत सुरुवात केली, रक्तदाबाचं औषध प्राझोसिन त्यावर चालतं हे दाखवलं आणि ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने छापलं.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा १९९३ पासूनचा 'आयडिया' कार्यक्रम आहे, संशोधनाचा पैसा कमी मिळणाऱ्या राज्यांसाठी. त्यातल्या 'इनब्रे'मध्ये एक मोठी संस्था पुढे असते आणि राज्यभरातली पदवी कॉलेजं तिला जोडलेली. महागडी यंत्रं सामाईक, उन्हाळ्यात मुलं मोठ्या लॅबमध्ये, आणि कॉलेजच्या शिक्षकालाही स्वतःच्या प्रकल्पासाठी पैसा. आपल्याकडे निधी आला की आधी यंत्र येतं, आणि ते बिघडलं की त्यावर कव्हर चढतं.

म्हणून करार करताना पेपरवर कोणाची नावं येणार, नमुने कोण, कधी नेणार आणि यंत्र बंद पडलं तर कोण येणार, हे लिहून घ्या. फोटो नंतर. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी नसेल तर अडून बसू नका, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार करार करून दुसऱ्या संस्थेची वापरता येते. आणि हो, सगळ्या मोठ्या संस्था तशा नसतात. शिवाय जिवंत रोगजंतू वाढवण्याचा उत्साह कॉलेजच्या लॅबमध्ये नको, ते काम त्यांच्याकडेच राहू द्या.

आमचे ते विभागप्रमुख निवृत्त झाले. हल्ली 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला परीक्षक म्हणून बसतात आणि ग्रामीण विद्यार्थ्यांनी संशोधनाकडे वळावं यावर फार छान बोलतात.