दोघांकडे तीच वीज, पण नातं नाही

तुम्ही विचारलंय की ब्लॅक घोस्ट मासा दक्षिण अमेरिकेचा, एलिफंट नोज मासा आफ्रिकेचा, दोघंही वीज सोडतात, म्हणजे एकाच खापरपणजोबाकडून आली का ही वीज? नाही हो. (शॉकचं आधी सांगतो, टँकमध्ये हात घाला बिनधास्त, हीटरची सोललेली वायर जास्त डेंजर.)

त्यांच्या कॉमन पूर्वजाकडे वीज नव्हतीच. माशांमध्ये हे अवयव सहाएकदा वेगवेगळे तयार झालेत, डार्विनने 1859 मध्येच हे आपल्याला जड जाणारं प्रकरण म्हणून मान्य केलं होतं. खरी गंमत जीनमध्ये आहे. हा अवयव म्हणजे बहुतेक ठिकाणी मूळचे स्नायूच, आखडायचं सोडून नुसता करंट देणारे. स्नायूला सोडियम चॅनल लागतो (पेशीत सोडियम आत सोडणारं दार, त्यातूनच करंट तयार होतो), आणि आपल्या नेहमीच्या काटेवाल्या माशांच्या पूर्वजात 30 कोटी वर्षांपेक्षा आधी अख्खा जीनोमच (सगळ्या जीन्सचा संच) डबल झाला, त्यात या चॅनलच्या जीनच्याही दोन कॉप्या झाल्या. एक कॉपी स्नायू सांभाळतेय म्हटल्यावर दुसरी मोकळी, घरात अ‍ॅक्टिव्हा आल्यावर पार्किंगमधली जुनी लूना कशी, खोला, इंजिन कशालाही जोडा, कुणाचं काही अडत नाही. दोन्ही खंडांत नेमकी तीच कॉपी स्नायूत बंद पडली आणि वीजेच्या अवयवात चालू राहिली! 2022 मध्ये अर्धं कारणही कळलं, या जीनला स्नायूत चालू ठेवणारा डीएनएच्या जेमतेम 20 अक्षरांचा स्विच दक्षिण अमेरिकेच्या माशांत बिघडलाय किंवा गायबच आहे; आफ्रिकेच्या माशांत तो थोडा बदललाय पण चालतो, म्हणजे तिथे ही कॉपी वेगळ्याच वाटेने बंद पडली असावी.

आता तुमचा घोस्ट, तो सगळ्यात आगाऊ. त्याच्या कुळात पिल्लाचा अवयव स्नायूचा असतो पण मोठेपणी तो मोडीत, वीज थेट पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नर्व्हमधून. या कुळात स्नायूतल्या सोडियम चॅनलच्या जीनची आणखी एक कॉपी झाली, ती कण्यात कामाला लागली, आणि तिचा चॅनल नीट बंदच होत नाही, थोडा करंट गळत राहतो, त्यामुळे नर्व्ह आपोआप सेकंदाला हजारेक वेळा फायर होते, अगदी झोपेतसुद्धा.

ऐकायचंय? बॅटरीवरचा छोटा स्पीकरवाला अँप (अँप्लिफायर) घ्या (मेन्सवरचा अजिबात नको), इनपुटच्या दोन वायरी पाण्यात दोन टोकांना सोडा. एलिफंट नोज टकटक करतो, घोस्टचा एकच सूर लागतो. आमच्याकडे पहिल्यांदा लावलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, तंबोरा कोण जुळवतंय रे एवढ्या वरच्या पट्टीत?