किडनी काढायची की नुसती गाठ?

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं मधुमेह आहे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. सीटी स्कॅनवरून कॅन्सर असावा म्हणतात. एक डॉक्टर सगळी किडनीच काढा म्हणतात, दुसरे रोबोटने नुसती गाठ काढू म्हणतात. गाठ आत राहिली तर? आणि ऑपरेशन यंत्राच्या हवाली कसं करायचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, यंत्र आपणहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत थोड्या अंतरावर कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलापाशी, बसलेला असतो. त्याची बोटं हलतील तसे पोटातले बारीक चिमटे आणि कात्री हलतात. त्याला आतलं सगळं मोठं करून, थ्रीडीत दिसतं.

गाठ कुठवर गेलीय, हे आधी किडनीवरच सोनोग्राफीचा छोटा प्रोब टेकवून पाहतात. मग किडनीच्या रोहिणीला, म्हणजे तिला रक्त पुरवणाऱ्या नळीला, चिमटा लावून रक्त थांबवतात. इथून घड्याळ सुरू होतं : साधारण २५ मिनिटांच्या आत गाठ निरोगी पेशींच्या पातळ थरासकट कापून, टाके घालून रक्त परत सोडायचं. रोबोटचा खरा उपयोग या टाक्यांना होतो, कारण त्याची अवजारं मनगटासारखी वळतात. काढलेल्या गाठीच्या कडा पॅथॉलॉजीत तपासतात. गाठ आत राहण्याची शक्यता अनुभवी हातात कमी असते. रक्तस्राव किंवा लघवी झिरपणं मात्र होऊ शकतं, हे धरून चाला.

‘एका किडनीवर माणूस जगतो’ हे किडनीदान करणाऱ्या धडधाकट माणसाबाबत खरं. वडिलांच्या दोन्ही किडन्या वर्षानुवर्षं साखरेचा मार सोसताहेत. एक काढली तर उरलेलीवर किती भार पडेल? चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत जमत असेल तर किडनी वाचवणं हाच आज पहिला पर्याय मानतात. शिवाय एवढ्या लहान गाठींपैकी पाचातली एखादी तपासणीत साधी निघते. तिच्यापायी अख्खी किडनी गेली तर मला फार वाईट वाटतं.

पण रोबोटसाठी शेत गहाण टाकू नका. हेच ऑपरेशन दुर्बिणीतून किंवा पोट उघडूनही होतं. सीटीची सीडी घेऊन, किडनी वाचवायची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या युरोसर्जनकडे जा. गाठ किती खोल आहे आणि किडनीचा किती भाग उरेल, हे त्यांना विचारा. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.