सहा फुटी टेबल, दोन दिवसांची गर्दी

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्यात, चित्रकारांच्या विभागात टेबल घेण्याबद्दल या वेळी कोल्हापूर आणि आसपासहून बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : पहिल्यांदाच टेबल घेतोय. प्रिंट किती न्यावेत? मित्र म्हणतात, प्रत्येक चित्राचे शंभर काढ, स्वस्त पडतात. (राजारामपुरी)

स्वस्त पडतात, पण उरलेले गठ्ठे वर्षभर पलंगाखाली धूळ खातात. पहिल्या खेपेला ए-फोर आकाराची आठ चित्रं प्रत्येकी पंधरा, ए-थ्रीची तीन चित्रं प्रत्येकी दहा आणि स्वतःच्या कॉमिकच्या साठ प्रती पुरे. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागदावर ए-फोर प्रिंट साधारण १९ ग्रॅम आणि ए-थ्री ३७ ग्रॅम भरतो. कव्हर धरून चोवीस पानी ए-फाइव्ह कॉमिक (कव्हर २५० जीएसएम, आत १०० जीएसएम) ४७ ग्रॅमच्या आसपास जातं. सगळं मिळून सहा-सव्वासहा किलो होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये चाळीस किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, त्यामुळे अडचण वजनाची नसते, आकाराची असते. ए-थ्री प्रिंट गुंडाळून नळीत घालू नका. जाड कागदाला एकदा बाक आला की दोन दिवस टेबलावर कडा वर करून बसतो. दोन सनबोर्डांमध्ये (फोमच्या कडक पाट्यांमध्ये) सपाट ठेवा, चारी बाजूंनी टेप मारा आणि बर्थखाली आडवं सरकवा. बर्थखालची जागा कुणी अडवण्याआधी गाडीत चढा.

टेबलाचं माप आयोजकांच्या ईमेलमध्ये असतं. सहा फूट असेल तर घरच्या फरशीवर टेपने तेवढा चौकोन आखून सगळं मांडून बघा. त्यातच तुमची वही, पाण्याची बाटली आणि कोपर मावायला हवं, हे कागदावर हिशेब करताना कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : टेबलावर छान मांडूनही लोक न बघता पुढे जातात, असं ऐकलं. मांडणी कशी करावी? (कलेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

जोतिबाच्या चैत्र यात्रेत बघा. गर्दी वाढली की जमिनीवर मांडलेलं काही दिसत नाही, दिसतं ते दुकानदाराने उंच टांगलेलं. कॉनमध्येही तेच होतं. समोर दोन रांगा उभ्या राहिल्या की आडव्या ठेवलेल्या प्रिंटवर फक्त पहिल्या रांगेचीच नजर पडते. म्हणून मागच्या बाजूला जाळीची उभी चौकट लावा आणि चिमट्यांनी प्रिंट टांगा. सर्वात ठळक चित्र डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. चौकट हलकी असली तर धक्क्याने पुढे कोसळते. पाय टेबलाला झिप-टायने बांधा आणि तळाला पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचं वजन द्या. घरी प्रिंट दहा फुटांवरून बघा. तिथून कोण पात्र आहे ते कळलं नाही, तर ते चित्र हातात घेऊन बघण्याचं आहे, टांगण्याचं नाही.

प्रश्न : स्क्रीनवर निळा रंग झळझळीत दिसतो, छापून आला की मातकट. शिवाय संवादांच्या फुग्यांमधली मराठी अक्षरं छापखान्यात तुटली. (इचलकरंजी)

रंग मातकट होण्यात छापखान्याचा दोष क्वचितच असतो. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने. झळझळीत निळा आणि पोपटी हिरवा त्या शाईत बसतच नाहीत. चित्र सुरू करतानाच सीएमवायके (याच चार शायांचा) प्रीव्ह्यू चालू ठेवा आणि पूर्ण ऑर्डरआधी एक प्रत काढून ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात बघा. ए-थ्रीची फाइल कापणीच्या ३ मिमी जादा कडेसह ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३५७९ × ५०३१ पिक्सेल हवी. कॉमिकची पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर पिनांच्या बांधणीत कोरी पानं येतात.

अक्षरांचं कारण वेगळं आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, 'क्ष' सुटा होऊन पाय मोडलेला 'क' दिसतो, 'र्‍या' विस्कटतो. ही लक्षणं दिसली की समजा, सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीची मांडणी चालू नाही. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये ती निवडा. छापखान्याला फाइल देताना मजकूर आउटलाइनमध्ये (अक्षरांच्या आकारांच्या रेषांमध्ये) बदला, म्हणजे त्यांच्याकडे फाँट नसला तरी बिघडत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपा, आउटलाइन झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. आणि आकार तपासा : ए-फोरवर काढलेलं पान ए-फाइव्हला छापलं की त्याची लांबी-रुंदी ७१ टक्के होते, १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटवर येतं. देवनागरीत वर मात्रा आणि रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळीक लागते.

प्रश्न : समोर बसून स्केच काढून द्यायचं का? (गडहिंग्लज)

द्यायचं, पण आकड्याला धरून. आठ तासांत हात चालतो तो जेमतेम चार तास, बाकीचा वेळ बोलण्यात, पैसे घेण्यात आणि जेवण्यात जातो. वीस मिनिटांचं ए-फाइव्ह चेहऱ्याचं स्केच धरलं तर बारा होतात. तरी आठच घ्या. यादी भरली की पाटी उलटी करा. ऑर्डर घेताना पैसे आगाऊ घ्या, कुठलं पात्र हे लिहून घ्या, संदर्भाचा फोटो त्यांच्याच फोनवरून मागवा आणि किती वाजता न्यायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. 'तुम्हाला सुचेल ते काढा' असं म्हणणारा ग्राहक सर्वात जास्त वेळ खातो.

दौतीत बुडवायचा टाक घरीच राहू द्या. टेबलाला एक धक्का बसला की प्रिंटच्या गठ्ठ्याचं काय होतं ते सांगायला नको. पिगमेंट शाईचे फाइनलायनर (बारीक टोकाचे पेन) वापरा. त्यावर अल्कोहोल मार्कर फिरवण्याआधी दोन-तीन मिनिटं थांबा, ओल्या रेघेवर फिरवला तर काळं पसरतं आणि मार्करचं टोकही खराब होतं. खाली जाड कोरा कागद ठेवा, कारण अल्कोहोल मार्कर वहीच्या पुढच्या पानापर्यंत उतरतो.

प्रश्न : प्रसिद्ध सुपरहिरोंचे प्रिंट विकले तर चालतात का? (शाहूपुरी)

खपतात. पण ते पात्र तुमचं नाही, आणि कोपऱ्यात 'फॅन आर्ट' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मालकाचाच. आयोजकांच्या अटी आधी वाचा. टेबलावर निदान निम्म्याहून जास्त माल स्वतःच्या पात्रांचा ठेवा. पुढच्या वर्षी लोक तुम्हाला शोधत आले, तर ते त्याच पात्रांमुळे येतील.

प्रश्न : पैसे घेताना काय अडतं? (शिवाजी पेठ)

नेटवर्क. हॉल भरला की यूपीआय रेंगाळतं. क्यूआर कोड छापून उभा ठेवा आणि ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, तुमच्या फोनवर संदेश आला की मगच. किमती शंभर, दोनशे अशा गोल ठेवा आणि पन्नासच्या पंचवीस-तीस नोटा निघताना सोबत घ्या. सकाळच्या पहिल्या तासात पाचशेच्या नोटा जास्त येतात.