अंड्याशिवाय क्न्योडल फुटतात, काय करू?

प्रश्न : ताई, मी सध्या लेकीकडे ऑस्ट्रियात, ग्राझला आले आहे. जावई इथलाच, आणि तीन वर्षांपासून वीगन. दूध, लोणी, अंडं काहीच चालत नाही. त्याच्या आजीच्या हातचे सेमलक्न्योडल, म्हणजे पावाचे पाण्यात शिजवलेले गोळे, आणि मशरूमचा दाट रस्सा, हा विषय निघाला की तो अजूनही हळवा होतो. मी दोनदा करून पाहिले. आधी नुसतं अंडं वगळलं, तर गोळे पाण्यात फुटून खळ झाली. मग बेसन घातलं, तर गोळे टिकले, पण कच्च्या बेसनाचा वास आला. लेक म्हणते, "आई, नाद सोड." मला सोडायचा नाही. ऑगस्टमध्ये त्याचा वाढदिवस आहे.

उत्तर : अजिबात सोडू नका. तुम्ही अगदी जवळ पोचला आहात.

मी 22 वर्षं व्हिएन्नात राहते. क्न्योडल मला शेजारच्या आजींनी शिकवले. त्या अंडी घालत, पण त्यांचं सगळं लक्ष पावाकडे असे. वाळका चौकोनी तुकडा बोटांत दाबून बघायच्या. कुरकुरला तर ठीक, नाहीतर परत उन्हात. हा पदार्थच मुळी शिळ्या पावाचा, आपल्या कुस्कऱ्यासारखा, अन्न टाकायचं नाही म्हणून जन्मलेला. ताजा मऊ पाव दूध पितो आणि लगदा होतो. वाळलेला पाव दूध पिऊनही आपला आकार धरून राहतो. म्हणून दुकानातून 'क्न्योडलब्रोट'चं पाकीट आणा, म्हणजे सेमल पावाचे वाळवलेले तुकडे. मागची यादी मात्र वाचा, काहींत दूध असतं. आणि दुधाच्या जागी जे घ्याल त्यावर 'दूध' लिहिलेलं सापडणार नाही. युरोपीय न्यायालयाच्या 2017च्या निकालानंतर तिथे 'सोयाड्रिंक', 'हाफरड्रिंक' (ओट्सचं) अशीच नावं दिसतात. बिनसाखरेचं सोया घ्या.

आता बेसन. तुमची निवड बरोबर आहे, फक्त ते कच्चं घालू नका. मी आधी पिठलं करते! 250 मिली सोयाड्रिंकमध्ये 3 मोठे चमचे बेसन गुठळ्या मोडून कालवायचं आणि मंद आचेवर हलवत पाच-सात मिनिटं शिजवायचं, वाटीतून सहज ओतता येईल इतपत पातळ. घट्ट झालं तर आणखी थोडं सोयाड्रिंक घाला. शिजलेलं बेसन पावाच्या तुकड्यांना चिकटून धरतं आणि तो वासही जातो. हे मला सुचायला दोन वर्षं लागली, आणि सुचलं ते खरोखरच पिठलं ढवळताना.

250 ग्रॅम क्न्योडलब्रोटवर हे गरम पिठलं ओता. एक कांदा बारीक चिरून तेलात गुलाबी परतून घाला. भरपूर पार्सली, मीठ, जायफळ किसून, आणि एक मोठा चमचा बटाट्याचं स्टार्च. हलक्या हातानं कालवा, मळू नका. झाकून अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात घाई करू नका. मग ओल्या हातांनी लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे वळा, वरची भेग बोटानं बुजवा.

आधी एकच गोळा पाण्यात सोडा. इथल्या बायका त्याला 'प्रोबेक्न्योडल' म्हणतात, चाचणीचा गोळा. तो फुटला तर मिश्रणात दोन चमचे ब्रेडचा चुरा घाला. टिकला तर बाकीचे सोडा. पाणी खारट, पण खळखळ उकळणारं नको. तळाशी बारीक बुडबुडे दिसत राहतील एवढीच आच, 18 ते 20 मिनिटं. तुमचे पहिले गोळे बहुतेक या उकळीनंही फोडले असतील. धास्ती वाटली तर सरळ चाळणीत ठेवून वाफवा, मोदकासारखे.

रश्श्याला ऑगस्ट म्हणजे पर्वणी. बाजारात पिवळीधमक 'आयरश्वामरल' मशरूम आलेली असतात. (ऑस्ट्रिया 1995मध्ये युरोपीय संघात गेला तेव्हा आपले 23 खाद्यशब्द करारात राखून ठेवले, त्यातला हा एक. मला या हट्टाचं फार कौतुक आहे.) ती भिजत घालू नका, ब्रशनं माती झाडा. 400 ग्रॅम रुंद तव्यात मोठ्या आचेवर टाका. पाणी सुटेल, ते आटू द्या, मगच तेल आणि कांदा. चमचाभर मैदा परता, कपभर भाज्यांचं स्टॉक, थोडा मार्जोरम (मरवा), मिरी. शेवटी 200 मिली ओट्सची साय. आजीच्या रश्श्यात आंबट साय असणार, तो आंबटपणा लिंबाच्या रसानं आणा, थेंबाथेंबानं चाखत.

वाढताना सुरी ठेवू नका. क्न्योडल काट्यानं मोडायचा असतो. सुरीनं कापणं म्हणजे तो कडक झालाय असं करणारीला सांगणं.

आणि चार जास्तच करा. दुसऱ्या दिवशी काप करून कांद्याबरोबर तेलात खरपूस परता. सोबत हिरवं सॅलड, त्यावर तुमच्या श्टायरमार्क प्रांताचं गर्द हिरवं भोपळ्याच्या बियांचं तेल. ते मात्र तापवायचं नाही, कडू होतं.

प्रश्न : नाशिकमध्ये क्न्योडलब्रोट कुठून आणू? लादी पाव चालेल का?

उत्तर : लादी पाव फार मऊ, लगदा होईल. बेकरीतला कडक पाव घ्या. त्यात दूध-लोणी नाही ना, हे बेकरीवाल्याला विचारा. एक सेंटीमीटरचे तुकडे करून फडक्याखाली दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात ओव्हनमध्ये 100 अंशावर, रंग न बदलू देता. बोटांत कुरकुरला की झाला.