जादा सरकारी सामानाचं वेब ॲप: आधी काय बांधायचं?

प्रश्न: नमस्कार. आम्ही तिघं मिळून एक वेब ॲप बनवतोय. एका सरकारी ऑफिसात जादा झालेले कॉम्प्युटर, कपाटं, लॅबची यंत्रं वगैरे तिथे टाकायची आणि दुसऱ्या ऑफिसला लागलं तर त्यांनी मागून न्यायचं. फोटो, सर्च सगळं झालंय. पण दाखवायला गेलो की अधिकारी विचारतात "जबाबदारी कोणाची?" आणि विषय तिथेच थांबतो. काय करावं?

उत्तर: त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, तुमचं अख्खं ॲप त्याच प्रश्नावर उभं राहायला हवं. सरकारी वस्तू कुणाच्या तरी ताब्यात म्हणून डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढलेली असते, ती खोलीतून गेली पण रजिस्टरमधून नाही गेली तर पुढच्या ऑडिटला तोच माणूस अडकतो, म्हणून सामान वर्षानुवर्षं धूळ खातं पण कुणी देत नाही. द्यायची इच्छा असते हो, भीती वाटते.

त्यामुळे सर्च राहू दे बाजूला, आधी वस्तूचा प्रवास नीट मांडा: उपलब्ध, मागणी आली, मंजूर, ताबा दिला, ताबा मिळाला. शेवटचे दोन टप्पे वेगळेच ठेवा. घेणाऱ्याने "मिळालं" म्हणेपर्यंत वस्तू देणाऱ्याच्याच नावावर. प्रत्येक टप्प्याला कोणी, कधी, ही नोंद पडली पाहिजे आणि ती पुसता येता कामा नये, चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद करायची. शेवटी हस्तांतरणाची पावती प्रिंट निघू दे, सही करून फाइलला लावता आली की अर्धी भीती जाते.

दोन ऑफिसांनी एकाच क्षणी तीच वस्तू मागितली तर? डेटाबेसमधून आधी स्टेटस वाचायचं आणि मग वेगळ्या क्वेरीने (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेने) बदलायचं असं केलंत तर ती दोघांनाही मिळू शकते. एकाच अपडेटमध्ये "स्टेटस अजून उपलब्ध असेल तरच" ही अट घाला, डेटाबेसमधली एकही ओळ बदलली नाही तर समजायचं की दुसऱ्याने आधी घेतली.

आधी मागायचा हक्क कोणाचा हे कोडमध्ये पक्कं लिहू नका. अमेरिकेत जीएसए ही केंद्र सरकारची संस्था जादा सामान आधी केंद्रीय खात्यांना दाखवते, साधारण २१ दिवस, मग राज्यांच्या संस्थांमार्फत पात्र संस्थांना, आणि उरलं तर लिलाव. तुमच्याकडे क्रम आणि मुदत वेगळी असेल, उद्या बदलेलही, म्हणून ते सेटिंगमध्येच ठेवा.

आणि हार्ड डिस्क! याबाबत मी हट्टाने सांगेन. नुसतं फॉरमॅट केलं की डेटा जातो हा गैरसमज फार पसरलाय, आणि एसएसडीवर (चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर) तर वरून दुसरं काही लिहूनही खात्री देता येत नाही. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची ८००-८८ ही डेटा पुसण्याची मार्गदर्शिका वाचा, आणि डेटा पुसल्याची नोंद भरल्याशिवाय कॉम्प्युटर "उपलब्ध" होऊच देऊ नका. लोकांची माहिती असते त्यात.

प्रश्न: मोबाइल ॲप आधी करावं का?

उत्तर: नको, फोनच्या ब्राउझरवर नीट चालणारं पान पुरेल. पण भांडारपाल गोदामात उभा राहून फोटो काढणार, तिथे नेटवर्क जातं, तेव्हा भरलेलं नेट नसतानाही ड्राफ्ट म्हणून फोनमध्येच सेव्ह राहिलं पाहिजे.